हिरव्या चौकोनाचं कोडं

पोळा उलटला की चाळीसगावातल्या कृषी केंद्रांसमोर मोटारसायकलींची गर्दी वाढते. कपाशीवर मावा-तुडतुडे आलेले असतात, बोंडअळीची धास्ती असते. शेतकरी काउंटरवर कोपर टेकवून म्हणतो, "औषध द्या." दुकानदार बाटली पुढे सरकवतो. त्या बाटलीवर एका टोकावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. रंग चारच: लाल, पिवळा, निळा, हिरवा.

घरातल्या कुणालाही या चार रंगांचा क्रम लावायला सांगा, सर्वांत घातक ते सर्वांत कमी घातक. लाल सगळे पहिला ठेवतात, हिरवा शेवटी. मधल्या निळ्या-पिवळ्यापाशी माणूस अडखळतो. आता त्यालाच विचारा, "हिरव्याचा अर्थ काय?" उत्तर बहुधा एकच येतं: "काही भीती नाही." सिग्नलला हिरवा म्हणजे निघा. बिस्किटाच्या पुड्यावर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, बिनधास्त खा. शेतातला हिरवा तर साक्षात जोम.

कीटकनाशकाच्या बाटलीवरचा हिरवा मात्र असं काही म्हणत नाही. तो म्हणतो, 'हेही विषच आहे, बाकीच्या तिघांपेक्षा कमी जहाल.'

लाल रंगाची गत आणखी वेगळी. सावध करण्यासाठी छापलेला लाल चौकोन पाहून शेतकरी मनात म्हणतो, 'हे जालीम दिसतंय, म्हणजे अळी नक्की मरणार.' ज्याचं पीक डोळ्यांदेखत जातंय, त्याला जालीम हा शब्द दिलासा देतो. म्हणजे धोक्याची खूण दुकानाच्या फळीवर जाऊन जाहिरात झाली. आणि आपण सगळे त्या द्रवाला म्हणतो काय? औषध. छापणाऱ्याने विष म्हणून छापलं, वापरणाऱ्याने औषध म्हणून उचललं.

मी शेतीविषयक पत्रकं, लेबलं, माहितीफलक मांडण्याचं काम करतो. या चौकोनाने मला माझ्या कामाबद्दल जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याही वर्गात शिकलो नाही.

नियमात बरोबर, बांधावर अपुरं

हा चौकोन कुणी निष्काळजीपणे काढलेला नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांत त्याचं मोजूनमापून वर्णन आहे. तो 45 अंशांत फिरवलेला असावा, लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्याने व्यापावा, वरच्या अर्ध्यात इशाऱ्याचा शब्द आणि खालच्या अर्ध्यात ठरलेला रंग असावा. लाल असेल तर कवटी आणि हाडांची फुलीही हवी. रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या आकड्यावरून. प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांचा जीव घ्यायला शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम पुरतात, तो हा आकडा. तोंडावाटे गेलेल्या विषासाठी 50 पर्यंत लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा, त्यापुढे हिरवा.

कागदावर यात खोट काढता येत नाही. ज्याला तो तक्ता ठाऊक आहे, त्याला चौकोन पाहताक्षणी सगळं कळतं. मेहुणबाऱ्याकडच्या एखाद्या शेतात पाठीवर पंप घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात तो तक्ता नसतो.

आणि तो माणूस बहुतेकदा बाटली विकत घेणारा नसतोच. खानदेशात बाटली आणतो मालक, फवारतो सालदार किंवा रोजाने आलेला मजूर. पाणी वाहून आणणं, पिंपात द्रावण ढवळणं, संध्याकाळी फवारणीचे कपडे धुणं, ही कामं पुष्कळदा बायांकडे येतात. आता धोका कुठे सर्वांत जास्त असतो ते पाहा. बाटलीतलं अस्सल, पाणी न मिसळलेलं विष ओतताना आणि ढवळताना. लेबल ज्याच्याशी बोलतं तो एक माणूस, आणि ज्याच्या हातावर थेंब उडतो तो दुसराच.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर, छातीवर येत होता. कारणं अनेक होती आणि सगळा दोष लेबलवर ढकलणं बरोबर ठरणार नाही. पण त्यानंतर लेबल मांडताना माझा हात पूर्वीसारखा चालत नाही.

माहिती असणं हाच अडथळा

शहाणी, कष्टाळू, चांगल्या मनाची माणसंही वापरणाऱ्याला न कळणारी वस्तू का बनवतात? याचं उत्तर एका साध्या खेळात आहे.

समोरच्याला न सांगता मनात एखादी आरती म्हणा आणि बोटाने टेबलावर तिचा ठेका धरा. समोरच्याने आरती ओळखायची. तुम्हाला वाटेल, इतकं सोपं आहे, लगेच ओळखेल. तो ओळखत नाही. तुमच्या कानात झांजा वाजत असतात, त्याला फक्त टकटक ऐकू येते.

1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने हाच खेळ प्रयोग म्हणून मांडला. ठेका धरणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली.

अभ्यासकांनी याला 'ज्ञानाचा शाप' असं नाव दिलं आहे. एकदा गोष्ट कळली की ती न कळलेल्या माणसाला जग कसं दिसतं, हे आपल्याला आठवेनासं होतं. आईला कळण्याच्या भाकरीची कृती विचारा. ती म्हणेल, "मीठ अंदाजाने टाक." तिच्या बोटांत चाळीस वर्षांचा अंदाज मुरलेला आहे, तुमच्या बोटांत नाही, आणि तिला ते जाणवतही नाही. गावात नवख्याला रस्ता सांगणारा म्हणतो, "जुन्या पिंपळापासून डावीकडे वळा." पिंपळ पडून दहा वर्षं झालेली असतात.

टेबलावरचा देखावा

चाळीसगावाला ही गोष्ट समजून घ्यायला घरचंच उदाहरण आहे. कलामहर्षी केकी मूस (1912–1989) यांचं बहुतेक आयुष्य या गावात, आपल्या घराच्या चार भिंतींत गेलं. त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रांची ख्याती मोठी आहे. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश साधायचा आणि छायाचित्र असं काढायचं की पाहणाऱ्याला विस्तीर्ण निसर्गदृश्य वाटावं.

अशा मांडणीतलं मर्म म्हणजे कॅमेऱ्याची जागा. त्या एका बिंदूवरून सगळं जुळून येतं, डोंगर डोंगर दिसतो. टेबलाला वळसा घालून बाजूला उभे राहिलात, तर तिथे फक्त वस्तू असतात. मूस यांना हे पक्कं माहीत होतं, कारण त्यांची कलाच त्या एका बिंदूवर उभी होती.

डिझाइन करणारा माणूसही टेबलावर देखावाच मांडतो. फरक असा की त्याची वस्तू लोक त्याच्या खुर्चीत बसून पाहत नाहीत. ते ती उन्हात पाहतात, घाईत पाहतात, ओल्या हातांनी धरतात, चष्मा घरी विसरलेला असतो. आपण एका विशिष्ट जागी उभे आहोत आणि आपल्याला दिसतं ते तिथूनच तसं दिसतं, याची सतत जाणीव ठेवणं म्हणजे आत्मभान. समानुभूती त्यानंतरची पायरी: दुसऱ्याच्या जागेवरून काय दिसतं ते शोधणं. ती सहानुभूतीपेक्षा वेगळी. सालदाराबद्दल वाईट वाटणं ही सहानुभूती. त्याचा हात कुठे पोहोचतो, डोळा काय वाचतो, डोक्यात कोणता हिशेब चालतो हे जाणून घेणं ही समानुभूती.

कल्पना करून भागत नाही

'स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा', असा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. मीही बरीच वर्षं याच समजुतीत काम केलं. पण 2018 मध्ये तल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 25 प्रयोगांतून ही समजूत तपासली. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं ओळखायला सांगितलं, तेव्हा लोकांचे अंदाज सुधारले नाहीत. काही वेळा नुसता आत्मविश्वास वाढला. अंदाज सुधारला तो एकाच मार्गाने, समोरच्याला विचारून.

कारण सरळ आहे. कल्पनेत मी त्याच्या जागी गेलो तरी तिथे जातो मीच, माझं वाचन, माझी भीती, माझा भरलेला खिसा बरोबर घेऊन.

मग त्याचं जगणं प्रत्यक्ष अंगावर घ्यावं का? अमेरिकेतली पॅट्रिशिया मूर ही औद्योगिक डिझाइनर 26 वर्षांची असताना, 1979 पासून तीन वर्षं, वृद्धेचा वेश घेऊन शंभराहून अधिक शहरांत फिरली. दृष्टी अंधूक करणारा चष्मा, कानांत बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून बांधलेले पाय. दार उघडण्यापासून बसमध्ये चढण्यापर्यंत किती गोष्टी म्हाताऱ्या शरीराला अडवतात, हे तिने जगाला दाखवलं. तिच्या चिकाटीला तोड नाही.

तरी अशा अनुभवाला एक मर्यादा आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एरिएल सिल्व्हरमन यांच्या अभ्यासात डोळ्यांवर पट्टी बांधून थोडा वेळ वावरलेल्या लोकांचं मत असं बनलं की अंध माणसं नोकरी आणि स्वतंत्र जगणं फारसं पेलू शकणार नाहीत. पट्टी बांधलेल्याला अंधत्वाचा पहिला तास कळला होता. वीस वर्षांच्या सरावाने अंध माणूस काय काय शिकतो, ते त्याला कुठून कळणार? पाठीवर 16 लिटरचा भरलेला पंप घेऊन एक ओळ चालून पाहा, जरूर पाहा. पट्टा खांद्यात कसा रुततो ते कळेल. पण दिवसाकाठी दहा-पंधरा पंप मारणारा माणूस दुपारी तोंडावरचा रुमाल का काढून टाकतो, हे त्यालाच विचारावं लागेल.

"समजलं का?" "हाव."

विचारणंही सोपं नाही. "लेबल समजलं का?" असं विचारलं की "हाव" असंच उत्तर येतं. कारण प्रश्न विचारणारा पँट-शर्टातला, हातात कागद असलेला. तो आला की घरातली एकुलती खुर्ची अंगणात येते, चहा ठेवला जातो. अशा पाहुण्याला "नाही समजलं" म्हणणं म्हणजे स्वतःला अडाणी ठरवणं आणि त्याचा अपमान करणं. आपल्या येण्यानेच उत्तर बदलतं, हे ओळखणं आत्मभानाचा सर्वांत अवघड भाग आहे.

म्हणून प्रश्न बदलायचा. "आज सकाळी पंप कसा भरला ते दाखवता का?" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. एका बांधावर मी असाच बसलो होतो. फवारणी करणाऱ्या भाऊंनी बाटलीचं झाकण उघडलं, उलटं केलं, त्यात औषध ओतलं, पंपात टाकलं. दोन झाकणं. बाटलीबरोबर आलेली घडीची माहितीपत्रिका खोक्यातच होती, बारीक अक्षरांची.

त्या पत्रिकेतल्या मात्रेचा हिशेब करून पाहिला आणि झाकणाचं कारण कळलं. समजा, मात्रा हेक्टरी 500 मिलिलिटर लिहिली आहे. शेतकरी हेक्टरात विचार करत नाही, एकरात करतो. एका हेक्टरात 2.47 एकर, म्हणजे एकरी साधारण 200 मिलिलिटर. पण तो एकरातही फवारत नाही, पंपात फवारतो. एकराला दहा पंप लागत असतील तर पंपाला 20 मिलिलिटर. दोन भागाकार, तेही शेताच्या बांधावर, वारा सुटायच्या आत. झाकणाने ते दोन्ही भागाकार त्याच्यासाठी करून टाकले, चूक की बरोबर ते बाजूला ठेवून. बाटल्या वेगळ्या, झाकणं वेगळ्या मापाची, तरी 'दोन झाकणं' तीच. वापरणाऱ्याने स्वतः शोधलेला असा जुगाड दिसला की तिथे थांबावं. आपल्या रचनेतलं भोक नेमकं तिथे असतं.

त्याच दिवशी मी माझं एक पत्रक दाखवलं. तोंड न बांधता फवारणाऱ्या माणसाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. असं करू नका, हा माझा अर्थ. शेजारी बसलेल्या मावशींनी चित्र निरखलं आणि विचारलं, "हा माणूस मेला का?"

त्यांनी चित्र चुकीचं वाचलं नव्हतं. फुली म्हणजे मनाई, हा संकेत मी शाळेत आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर शिकलो होतो. त्यांच्या जगात फुली म्हणजे खोडलेलं, संपलेलं. मी ते पत्रक छापलं नाही. फुलीच्या जागी दोन चित्रं आली: एकात उघडं तोंड आणि नंतर ओकारी, दुसऱ्यात बांधलेलं तोंड आणि संध्याकाळी घरी परतलेला माणूस. तीही मी आधी त्याच मावशींना दाखवली.

चौकट: बांधावर जाण्याआधी आणि नंतर

• निघण्यापूर्वी वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे 'मला वाटतं' लिहा. उजवी बाजू कोरी ठेवा, ती 'मला दिसलं'साठी.
• "समजलं का?" विचारू नका. "करून दाखवा" किंवा "शेजाऱ्याला कसं सांगाल?" असं विचारा.
• विकत घेणारा, वापरणारा, भरणारा, धुणारा वेगवेगळे असू शकतात. चौघांनाही भेटा. बाया पुरुषांसमोर बोलत नसतील तर वेगळ्या वेळी, बाईमाणसाला बरोबर घेऊन जा.
• 'लोकांना कळतच नाही' असं मनात आलं, की तारीख टाकून ते वाक्य लिहून ठेवा. बहुधा आपल्यालाच काहीतरी कळलेलं नसतं.

सोळा निळी बटणं

हे सगळं जमतं का? जमतं, आणि त्याचा पुरावा आपल्यापैकी प्रत्येकाने बोटाने दाबून पाहिला आहे. मतदान यंत्राचं बाह्यरूप मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात घडलं. ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांनी भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीसाठी ते केलं.

यंत्राच्या तांत्रिक विश्वासार्हतेवरचे वाद इथे नको. मतदाराच्या बाजूने त्याची रचना पाहा. ज्याने कधी कीबोर्ड पाहिलेला नाही, त्यालाही ते वापरायचं आहे. म्हणून यंत्राचे दोन भाग केले. गुंतागुंत अधिकाऱ्याच्या टेबलावर राहिली, मतदारापुढे फक्त नावांची उभी यादी आणि प्रत्येक नावापुढे एक निळं बटण, एका यंत्रावर सोळा. नावाशेजारी चिन्ह. चिन्हांची कल्पना 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीपासूनची आहे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असे आणि मतदार चिन्ह पाहून पेटी निवडे. न वाचता येणाऱ्या मतदाराला त्याच्या हक्काच्या आड अक्षर येऊ नये, ही त्यामागची काळजी होती.

आता मतदाराच्या मनातली भीती. 'माझं बटण नीट दाबलं गेलं का? चुकून दोनदा दाबलं तर मत बाद होईल का?' दोन्हींचं उत्तर यंत्रच देतं. बटण दाबलं की नावापुढे लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. पुन्हा दाबलं तरी काही होत नाही, अधिकारी नवं मत खुलं करेपर्यंत यंत्र बंद. बटणांशेजारी ब्रेल आकडेही आहेत. पुढे चिठ्ठी दाखवणारं यंत्र जोडलं गेलं, तिथे ती चिठ्ठी सात सेकंद दिसते.

लाल दिवा आणि तो आवाज म्हणजे यंत्राने मतदाराला दिलेला हुंकार आहे. आपण कुणाला काही सांगतो तेव्हा समोरच्याने "हं" म्हटलं की जीव भांड्यात पडतो, तसा. कीटकनाशकाची बाटली असा हुंकार देत नाही. जास्त ओतलं तरी गप्प, कमी ओतलं तरी गप्प.

पाणी वाटणारे आपणच

दुसरा दाखला खानदेशातलाच आणि कित्येक पिढ्या जुना. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आराम या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते. एका फडात त्या वर्षी एकच पीक, पुढच्या वर्षी फेरपालट. एकाच शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असतात. पाटाचं पाणी पाटकरी सोडतो, राखण जागल्या करतो, नियम गाव ठरवतं.

यातली खुबी तुकड्यांत आहे. पाणी कमी पडलं तर एखादा फड पडीक ठेवायचा. सगळ्यांच्या जमिनी सगळीकडे विखुरलेल्या असल्यामुळे झळ सगळ्यांना थोडी थोडी बसते. नियम करणाऱ्याचा एक तुकडा वर, एक तुकडा खाली. शेवटच्या टोकाला पाणी पोहोचलं नाही तर त्याचंच पीक सुकतं. दुसऱ्याच्या जागी जाण्याची कल्पना करायची त्याला गरजच नव्हती, तो अर्धाअधिक तिथेच उभा होता.

आज डिझाइन करणारा आणि वापरणारा यांच्यात मुंबई ते चाळीसगाव एवढं अंतर पडलं आहे, रेल्वेच्या मैलांचं आणि त्याहून जास्त जगण्याचं. ते अंतर भरून काढायला पुन्हा पुन्हा जाऊन बसणं, पाहणं आणि आपलं 'मला वाटतं' खोडणं, याखेरीज दुसरी वाट मला सापडलेली नाही.

पुन्हा बाटलीकडे

ते लेबल बदलेल तेव्हा बदलेल. तोवर क्रम लक्षात ठेवा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पिवळा निळ्यापेक्षा घातक. चारही रंगांच्या बाटल्यांत विष आहे, हिरव्याच्याही. झाकणाने मोजू नका, मापाने मोजा. ओतताना आणि ढवळताना हातमोजे घाला.

तुमच्या घरात, गल्लीत किंवा शेतावर कुणी फवारणी करत असेल, तर आज संध्याकाळी त्याला एवढं सांगा. सांगून झाल्यावर "समजलं का?" विचारू नका. त्यालाच ते तुम्हाला परत सांगायला लावा.